सुरुवातीला ३० टक्के पेशंट दगावत होते, तरी वर्थाइमने ऑपरेशन सोडलं नाही

१६ नोव्हेंबर १८९८. व्हिएन्नात एर्न्स्ट वर्थाइम या ३४ वर्षांच्या सर्जनने एका बाईचं पोट उघडलं. तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर होता. त्याने नुसतं गर्भाशय काढलं नाही. आजूबाजूच्या पेशी, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या सुजलेल्या लसिका ग्रंथीही काढल्या.

ग्रंथी कशाला? तर शरीरात रक्तासारखंच लसिका नावाचं एक पाणी फिरतं आणि वाटेत या ग्रंथींच्या चाळणीतून गाळलं जातं. गर्भाशयमुखातून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशी याच वाटेने जातात आणि ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांलगतच्या ग्रंथींत अडकतात. गर्भाशय काढलं आणि ग्रंथी राहिल्या, की आजार तिथून पुन्हा डोकं वर काढणार.

वर्थाइमचा जन्म १८६४ चा, ऑस्ट्रियातल्या ग्राझचा. आधी त्याने गनोरियाच्या जंतूंवर काम करून नाव कमावलं. म्हणजे गडी मुळात मायक्रोस्कोपवाला. १८९७ मध्ये तो व्हिएन्नाच्या एलिझाबेथ हॉस्पिटलात मुख्य सर्जन झाला. ग्रंथी काढायची कल्पना मात्र एकट्या त्याची नव्हे. अमेरिकेत जॉन क्लार्कने १८९५ मध्येच तसं ऑपरेशन केलं होतं. वर्थाइमने ते शेकडो वेळा केलं, सुधारत नेलं आणि हिशोब मांडला.

हिशोब भयंकर होता. सुरुवातीच्या ऑपरेशन्समध्ये जवळपास ३० टक्के बायका दगावल्या. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं, रक्तपेढी नव्हती. शिवाय मूत्रवाहिनी अगदी गर्भाशयाला खेटून जाते, तिला धक्का लागला की लघवी गळायला लागायची. गाठीतली घाण पोटात सांडू नये म्हणून तो योनी काटकोनी चिमट्यांनी बंद करून मग खालून कापायचा. ते चिमटे अजून त्याच्याच नावाने ओळखले जातात.

त्यात १९०१ मध्ये त्याचेच गुरू फ्रीडरिश शाउटा यांनी योनीमार्गे मोठं ऑपरेशन सुरू केलं. पोट उघडायचं नाही, म्हणून मृत्यूही कमी. पण तिथून ग्रंथींपर्यंत हात पोहोचत नव्हता. गुरू-शिष्याची चांगलीच जुंपली. आकड्यांवर बघितलं तर तेव्हा शाउटांचीच बाजू वरचढ होती, हे मान्य करायला हवं.

वर्थाइम हटला नाही. १९११ मध्ये त्याने ५०० ऑपरेशन्सचा अहवाल छापला, तोवर मृत्यूचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आलं होतं. एक उणीव राहिली. तो फक्त मोठ्या झालेल्या ग्रंथी काढायचा. पण नुसत्या इन्फेक्शननेही ग्रंथी सुजते, आणि बारीक दिसणाऱ्या ग्रंथीतही कॅन्सर असू शकतो.

फेब्रुवारी १९२० मध्ये वर्थाइम गेला. तोवर रेडियमचे उपचार आले होते आणि ऑपरेशन मागे पडत गेलं. १९४० च्या दशकात बॉस्टनच्या जो मेग्जने ते परत आणलं, यावेळी ओटीपोटातल्या सगळ्या ग्रंथी काढून. हाताशी अँटिबायोटिक आणि रक्त होतं, त्यामुळे बायका वाचू लागल्या.

२०१८ पासून ग्रंथींत कॅन्सर सापडला, की गाठ लहान असली तरी स्टेज किमान '३ सी' धरतात. ऑपरेशनआधीच्या स्कॅनमध्ये हे कळलं, तर डॉक्टर बहुतेकदा सर्जरीऐवजी रेडिएशन आणि केमो एकत्र देतात.