पृच्छक पंडित म्हाइंभट

लीळाचरित्राचे कर्ते म्हणून पंडित म्हाइंभटांचे नाव सर्वश्रुत आहे. ते मूळचे सराळे गावचे. गणपती आपयो हे त्यांचे विद्यागुरू. शास्त्राध्ययनाचा त्यांना मोठा अभिमान होता. डोमेग्रामी ते श्रीचक्रधरस्वामींकडे प्रथम आले, ते जाणून घेण्यासाठी नव्हे, तर वादात जिंकण्यासाठी. वादकाचा प्रश्न प्रतिपक्षाला कोंडीत धरणारा असतो. कोणते उत्तर यावे हे त्याने आधीच योजिलेले असते. स्वामींच्या सन्निधानात हा अभिमान गळाला आणि वादकाचा जिज्ञासू झाला.

शके ११९६ च्या सुमारास (इ. स. १२७४) स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भक्तपरिवार ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. तेथे श्रीनागदेवाचार्य एकांतात स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. प्रत्यक्ष पाहणारे एकेक करून जातील, मग पुढील साधकांनी कशाचे स्मरण करावे, ही चिंता म्हाइंभटांना लागली. आचार्यांच्या अनुज्ञेने त्यांनी लीळा पुसून लिहून घेण्यास आरंभ केला.

आचार्यांनी स्वतः पाहिलेल्या लीळा सांगितल्या. जेथे ते नव्हते, तेथे जो होता त्यास पुसावे असा दंडक ठेविला. म्हणून म्हाइंभट गावोगाव फिरले. स्वामींना नित्य प्रश्न पुसणारी महदाइसा आता स्वतः सांगणारी झाली. म्हाइंभटांनी केवळ सिद्धान्त विचारला नाही. स्थळ कोणते, समीप कोण होते, बोलणे कोणत्या निमित्ताने निघाले, हे सर्व त्यांनी टिपले. याचे महत्त्व सूत्राभ्यासकास सांगणे नलगे. पुढे केशवराजसूरींनी ज्या लीळांतून सूत्रपाठ निवडला, त्या लीळांतच सूत्राचे प्रकरण आहे. आणि प्रकरणावाचून वचन कोणास उद्देशून व का निरूपिले हे कळत नाही, मग अर्थ निसटतो.

दोघांचे सांगणे जुळले नाही, तेव्हा एकास खोटे ठरविण्याची पंडिती वृत्ती त्यांनी आवरली आणि भिन्न स्मृती वासना म्हणून नोंदविल्या. सांगणाराच्या मुखात आपले शब्द घालावयाचे नाहीत, हा संयम विद्वानास सर्वांत कठीण. शके १२०० च्या सुमारास (इ. स. १२७८) सिद्ध झालेल्या लीळाचरित्रात निरनिराळ्या माणसांची बोली जिवंत राहिली, ती त्यामुळेच.

श्रीप्रभूंच्या लीळाही त्यांनी याच रीतीने मिळविल्या. तेथे निरूपण थोडे, कृती अधिक. म्हणून ज्यांच्या घरी, ज्यांच्या देखत त्या घडल्या, त्या सामान्य जनांचे सांगणेच आधार झाले.

मूळ पोथी पुढे धाडीत नष्ट झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा शिष्यांनी पाठ व स्मरण जुळवून लीळा पुन्हा उभ्या केल्या आणि पाठभेद त्या त्या शोधाच्या नावाने जपले. म्हाइंभटांचे हस्तलिखित गेले, परंतु त्यांची पुसण्याची रीत शिष्यांनी उचलली होती. वचनाचा अर्थ लावण्यापूर्वी बोलणाराचा प्रसंग पुसावा, आणि पुसल्यावर उत्तर येईतो आपले ज्ञान बाजूस ठेवावे, हा धडा त्यांच्या चरित्रातून साधकाने घ्यावयाचा आहे.