रंग न दिसलेला चित्रकार

फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला माझी फजिती झाली. रेझिस्टरवरचे पट्टे पाहून व्हॅल्यू सांगायची होती. लाल कुठला नि तपकिरी कुठला, मला कळेचना. पार्टनर आधी हसला, मग गप्प झाला. डॉक्टरांनी निदान केलं, पार्शल कलर ब्लाइंडनेस. ब्रँच बदलावी का, या विचारात महिना गेला. दिवाळीत आजीला हे सांगितलं, तर तिचं पहिलं वाक्य लक्ष्मणराव किर्लोस्करांबद्दल होतं. मला तोवर किर्लोस्कर म्हणजे पंप एवढंच माहीत (कॉन्व्हेंटची कृपा!). मग तिच्याकडूनच ऐकलं, थोडं वाचलं, आणि मराठीत पहिल्यांदाच लिहितोय. चूकभूल रूममेटच्या माथी, त्यानेच तपासलंय.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. पुस्तकांपेक्षा चित्रं आणि यंत्रं यांतच त्यांचा जीव. १८८५ साली वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पैशांची बाजू मोठे भाऊ रामूअण्णांनी सांभाळली. आणि दोन वर्षांनी लक्षात आलं, की चित्रकार व्हायला निघालेल्या या मुलाला काही रंगच नीट ओळखता येत नाहीत! मी इथे बराच वेळ थांबलो होतो. माझं निदान एका प्रॅक्टिकलवर भागलं. त्यांनी तर त्यासाठी घर सोडलं होतं.

पण रेघ तर हातात होती ना? त्यांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं आणि व्ही.जे.टी.आय.मध्ये तेच शिकवू लागले. ईडीच्या शीटवर रात्र जागवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी सायकल पाहिली, आणि इथून खरी गंमत सुरू होते. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ सालची मानतात, ती या सायकलींपासून. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घेऊन बेळगावला पाठवत, रामूअण्णा त्या विकत. किंमत सातशे ते हजार रुपये, त्या काळचे! एवढं महाग, वर चालवता न येणारं वाहन कोण घेणार? म्हणून रामूअण्णा पंधरा रुपये घेऊन सायकल शिकवतही. आज आपल्या हॉस्टेलच्या मागे गंजत पडलेल्या सायकली पाहिल्या, की मला हा क्लास आठवतो. पडणारे, धरणारे, बघायला जमलेले... अख्खं गाव तिथे गोळा होत असणार, हा माझा अंदाज.

पुढे नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव राजीनामा देऊन बेळगावला आले. दुरुस्तीच्या जोडीला कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांची भीती, त्यामुळे नांगर पडून राहिले. त्यात शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागाही गेली.

तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. स्वतः चित्रकार असलेला हा माणूस. त्यांनी कुंडलजवळ माळरान दिलं, दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१० मध्ये निवडुंग तोडत, साप हाकलत तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. कारखान्याभोवती नुसत्या चाळी नाहीत, गावच वसवलं. अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता, आणि शिक्षा भोगून आलेल्यांनाही काम मिळे. आपल्याकडे मेसची टेबलंसुद्धा बॅचवार वाटलेली आहेत, असो.

याच वाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक त्यांचे पुतणे शंकरराव, तेही चित्रकार. कारखान्याच्या बातम्यांसाठी काढलेलं हे पत्र घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. १९३० मध्ये त्याच घरातून ‘स्त्री’ आलं. आजीच्या ट्रंकेत त्याचे बांधलेले जुने अंक अजून आहेत. लहानपणी मी त्यांतली फक्त चित्रं बघायचो.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

ब्रँच मी बदलली नाही. रेझिस्टर मल्टिमीटरने मोजतो, व्हायवाला आधीच सांगून टाकतो. मिरजेला घरी जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. इतकी वर्षं मी तिथे झोपलेला असायचो. गेल्या खेपेला जागा राहिलो आणि दारात जाऊन उभा राहिलो.