फ्रिजमधला आगीचा धोका घालवणारा माणूस, आणि तो धोका परत का आला?

तुमचा फ्रिज अलीकडचा असेल तर मागे कॉम्प्रेसरजवळ बघा. त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असलेला स्टिकर दिसेल आणि शेजारी आर-६००ए असं लिहिलेलं असेल. हा आयसोब्युटेन, आपल्या एलपीजीच्याच घराण्यातला गॅस. म्हणजे पेट घेणारा.

मग तो घरात कशाला? त्यासाठी थॉमस मिजली यांची गोष्ट माहीत हवी.

मिजली यांचा जन्म १८८९ सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. १९११ मध्ये त्यांनी कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. नाव मात्र झालं रसायनशास्त्रात. १९२१ मध्ये इंजिनची ठकठक थांबवायला त्यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलं. ते बनवताना कामगारांचे जीव गेले आणि खुद्द मिजली यांनाही शिशाची बाधा झाली.

त्या काळी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे गॅस असायचे. काही विषारी, काही पेटणारे, काही दोन्ही. गळती झाली की जिवावर बेतायचं.

१९२८ मध्ये मिजली आणि सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला, तो म्हणजे सीएफसी. पुढे तो फ्रेऑन नावाने बाजारात आला. १९३० मध्ये मिजली यांनी रसायनतज्ज्ञांसमोर हा गॅस छातीत भरून घेतला आणि मेणबत्तीवर सोडला. मेणबत्ती विझली, त्यांना काही झालं नाही. फ्रिज बिनधास्त घरोघरी पोचला.

१९४० मध्ये पोलिओने त्यांना अपंग केलं. अंथरुणातून उठता यावं म्हणून त्यांनी दोऱ्या आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं. १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत गळा आवळून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की, सीएफसी वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हद्दपार होत गेला. नंतरच्या पर्यायी गॅसनी ओझोन वाचवला, पण पृथ्वी तापवली. म्हणून पेटणारे गॅस परतले. फ्रिजमध्ये आयसोब्युटेन, एसीत प्रोपेन (आर-२९०) किंवा सावकाश पेटणारा आर-३२.

फरक एवढाच, की आता प्रमाणावर बंधन आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार घरगुती फ्रिजमध्ये असा गॅस १५० ग्रॅमपर्यंतच चालतो. एसीत किती गॅस चालेल, ते खोलीच्या आकारावर ठरतं.

खरी जोखीम दुरुस्तीच्या वेळी असते. त्यामुळे गॅस भरायला प्रशिक्षित मेकॅनिकच बोलवा. स्टिकरवर आहे तोच गॅस भरायला सांगा. आतला गॅस नीट काढल्याशिवाय पाइपला ज्योत लावू देऊ नका. गळतीची शंका आली तर खिडक्या उघडा आणि कुठल्याही बटणाला हात लावू नका.

मिजली यांच्या गॅसने घर सांभाळलं, पण ओझोन पोखरला. आताच्या गॅसने आभाळ वाचतंय, घर मात्र आपल्यालाच सांभाळायचंय.