लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून १८६९, गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक आणि किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. भारतात लोखंडी नांगराच्या निर्मितीचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही औद्योगिक वसाहत त्यांनी वसवली.

शिक्षण व नोकरी

चित्रकला शिकण्यासाठी लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. काही रंगांतील भेद त्यांना ओळखता येत नसल्याने रंगकाम सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. तेथे बढतीची संधी डावलली गेल्याने त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला.

बेळगावातील उद्योग

बेळगावात थोरले बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी सायकलींची विक्री व दुरुस्ती सुरू केली. १८८८ हे वर्ष उद्योगसमूहाच्या आरंभाचे मानले जाते. त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर त्यांनी तयार केला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, या समजुतीमुळे शेतकरी नांगर घेण्यास धजत नव्हते. पहिले सहा नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. प्रत्यक्ष वापरातून या नांगराची उपयुक्तता पटत गेली, तशी मागणी वाढली.

कारखाना स्थिरावत असतानाच बेळगाव नगरपालिकेने ठळकवाडी (आताची टिळकवाडी) येथे नव्या उपनगराची आखणी केली. कारखान्याची जागा त्या आखणीत येत असल्याने ती रिकामी करण्याचा आदेश निघाला. शहराला राहण्यासाठी जागा हवी होती. मात्र त्याच शहरात उभा राहिलेला व्यवसाय आणि त्यावर अवलंबून असलेली कामगारांची कुटुंबे निराधार होण्याची वेळ आली. नव्या जागेसाठी लागणारे भांडवल लक्ष्मणरावांजवळ नव्हते.

किर्लोस्करवाडी

या अडचणीत औंध संस्थानचे अधिपती भवानराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना साहाय्य केले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळील ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी दिले. १९१० मध्ये कारखाना तेथे हलवण्यात आला. निवडुंगाने भरलेला आणि सापांचा वावर असलेला तो ओसाड माळ होता. बेळगावातील सुमारे पंचवीस कामगार कुटुंबांसह तेथे आले.

येथे आधी गाव आणि मग उद्योग, असा नेहमीचा क्रम उलटा झाला. घरे व रस्ते यांची व्यवस्था कारखान्याच्या चालकांनाच करावी लागली. वसाहतीच्या उभारणीत रामुअण्णांचा मोठा वाटा होता. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई होती. शिक्षा भोगून आलेल्या व्यक्तींनाही लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचे विश्वासाचे काम दिले. पुढे कुंडल रोड स्थानकालाही किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

नांगराबरोबरच उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पंप यांचे उत्पादन येथे होऊ लागले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. त्याच वर्षी पुतणे शं. वा. किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक सुरू झाले. कारखान्याच्या वार्तापत्रातून वाढलेले हे मासिक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी वाचकांत लोकप्रिय झाले.

उत्तरकाळ व वारसा

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी उद्योगाचा पुढे विस्तार केला. हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे समूहाचे नवे कारखाने उभे राहिले. लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय डाक विभागाने त्यांचे टपाल तिकीट काढले. किर्लोस्करवाडीत आजही पंपांचे उत्पादन होते. बेळगावच्या उपनगरात जागा न उरलेल्या कारखान्याभोवती एक स्वतंत्र गाव वसले, ही घटना नगररचना आणि स्थानिक उद्योग यांच्या परस्परसंबंधांच्या अभ्यासात लक्षणीय ठरते.