निर्भीड धम्मपंडित धर्मानंद कोसंबी

आपल्या विहारांत तथागतांची मूर्ती असते, शेजारी डॉ. बाबासाहेबांची तसबीर असते. धर्मानंद कोसंबींची तसबीर मात्र क्वचितच दिसते. जन्माने सारस्वत ब्राह्मण, गांधीजींच्या गोटातला माणूस, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेआधी नऊ वर्षे निवर्तलेला. त्यामुळे आपल्याकडे थोडा दुरावा राहिला, तो समजण्यासारखा आहे. पण पालि ग्रंथांतला बुद्ध मराठी माणसाच्या घरात आणण्यासाठी या गृहस्थाने जेवढे कष्ट घेतले तेवढे फार थोड्यांनी घेतले असतील. आणि त्यांच्या आयुष्यातले एक प्रकरण असे आहे की ते आपल्या मुलाबाळांना सांगायलाच हवे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवळ गावी झाला. शिक्षण म्हणाल तर जवळजवळ नाहीच. घरची नारळाची बागायत पाहायची आणि मिळेल ते वाचायचे. बालबोधमेवा नावाचे मिशनऱ्यांचे एक मराठी मासिक त्यांच्या हाती लागले. त्यात बुद्धाचे चरित्र होते. ते वाचून या तरुणाला जे वेड लागले ते जन्मभर सुटले नाही. गंमत पाहा, ख्रिस्ती लोकांच्या मासिकातून गोव्याच्या ब्राह्मणाला बुद्ध भेटला!

१८९९ च्या अखेरीस बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुण्याला आले, तिथून काशीला गेले. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म कुठे जिवंत आहे याचा शोध घेत नेपाळ गाठले, पण तिथे निराशाच पदरी आली. बोधगयेहून पुढे सिलोनला गेले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पालि शिकले, श्रामणेर झाले. नंतर ब्रह्मदेश झाला. भिक्षूचे चीवर उतरवून ते परत संसारात आले तेव्हा गाठीला पैसा नव्हता, विद्या होती. कलकत्त्यात चांगल्या पगाराची नोकरी चालून आली होती. पण महाराष्ट्रात राहून काम करावे म्हणून त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना ५० रुपयांची मदत पत्करली. पुढे विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेले, आणि एकदा नव्हे, चार वेळा गेले. मधल्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालि शिकवून विद्यार्थ्यांची एक पिढी तयार केली.

आता ते प्रकरण.

१९२२ साली कोसंबी अहमदाबादला गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात आले. तिथे मुनी जिनविजयजी, पंडित सुखलालजी, पंडित बेचरदास दोशी असे मोठे जैन विद्वान त्यांचे सहकारी होते. यांपैकी बेचरदासांनी जैन परंपरेविषयी परखड बोलल्याबद्दल आधीच संघाचा बहिष्कार सोसला होता. म्हणजे हवा कशी होती ते कळते. अशा ठिकाणी कोसंबींनी पुरातत्त्वच्या त्रैमासिकात लेख लिहिला. त्या काळच्या श्रमणांचा आहार काय होता हा विषय. बुद्धाचे भिक्षू भिक्षेत आलेले मांस खात, हे त्यांनी लिहिलेच. पण जैन आगमांतले उतारे काढून जैन साधूही पूर्वी तसेच करीत असावेत, असेही लिहिले.

अहमदाबाद हे जैनांचे माहेरघर. तिथे हे छापून आल्यावर काय झाले असेल! खळबळ उडाली, तक्रारी विद्यापीठाच्या चालकांकडे जाऊ लागल्या. अहिंसेसाठी पाण्यात जीव जाऊ नये म्हणून जपणारा हा समाज. त्याच्या पूज्य पुरुषांबद्दल असे लिहिले म्हणजे घाव किती खोल गेला असेल, हे आपण मनाशी मान्य केले पाहिजे. ते दुःख खोटे नव्हते. चालकांनी मात्र तक्रारी परस्पर निस्तरल्या आणि कोसंबींना त्यांची झळ लागू दिली नाही. वास्तविक संस्था चालवणाऱ्याला अशा वेळी सोपा मार्ग असतो. लेखकाला बोलावायचे, दोन ओळींची दिलगिरी लिहून घ्यायची, झाले. तसे त्यांनी केले नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

कोसंबी स्वतःही मागे हटले नाहीत, आणि अंगावरही गेले नाहीत. जैन साधू भेटायला आले तर त्यांच्याबरोबर बसून ग्रंथ उघडायचा, शब्दाशब्दावर बोलायचे. जैन आचार्यांचे म्हणणे असे की जिथे मांस आणि हाडे असे वाटते तिथे फळाचा गर आणि बिया असा अर्थ घ्यायचा, पक्ष्यांची नावे ही वनस्पतींची नावे समजायची. हा वाद आजही मिटलेला नाही, आणि तो मिटवण्याचा अधिकार ना मला ना या स्मरणिकेला. मुद्दा एवढाच की अर्थाचे उत्तर अर्थाने द्यावे.

हेच प्रकरण त्यांनी १९४०-४१ साली निघालेल्या भगवान बुद्ध या ग्रंथात पुन्हा मांडले. पुन्हा निषेध झाले. पण त्या ग्रंथात सुरुवात कुठून केली आहे? बुद्धापासून! चुंद लोहाराने तथागतांना दिलेले शेवटचे भोजन, सूकरमद्दव, म्हणजे डुकराचे मांस, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. अट्ठकथांत कोवळे बांबू, अळंबी असेही अर्थ दिले आहेत. ते त्यांनी लपवले नाहीत, पण आपले मतही गिळले नाही. तसेच म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही लाडकी कथाही त्यांनी बाजूला ठेवली आणि शाक्य-कोलियांच्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील तंट्याकडे बोट दाखवले. पुढे बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण तोच तंटा आहे. म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात दिवा घेऊन शिरण्यापूर्वी या माणसाने स्वतःच्या देवघरातले जळमट काढले होते.

इथे आपल्यापैकी काहींची अडचण होते, हे मला ठाऊक आहे. वर्षावासात प्रवचनकाराने सूकरमद्दवाचा विषय काढला की कुजबुज सुरू होते, नको तो विषय म्हणून कोणीतरी खुणावतो. त्यांनी १९८८ साल आठवावे. महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये बाबासाहेबांचे रिडल्स इन हिंदुइझम छापले. त्यातले राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्ट काढा म्हणून गदारोळ झाला, अमरावतीत ग्रंथ जाळला गेला. तेव्हा फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यावर आपली माणसे लाखांनी उतरली ती कशासाठी? भावना दुखावल्या म्हणून बाबासाहेबांचे पान फाडू नका, एवढ्यासाठीच ना? मजकूर राहिला, शासनाची टीप तेवढी जोडली गेली. बाबासाहेबांसाठी आपण जे मागितले ते कोसंबींना आणि उद्या आपल्याविरुद्ध लिहिणाऱ्यालाही लागू होते. तिथे माप बदलता येणार नाही.

कोसंबींचे बाकीचे आयुष्यही असेच सरळ. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पडून तुरुंगवास भोगला. १९३५ च्या हिंदी संस्कृति आणि अहिंसा या पुस्तकात वैदिक आणि पौराणिक धर्माची चिकित्सा केली, त्यावर सनातनी रागावले. १९३७ साली परळच्या गिरणगावात कामगारांसाठी बहुजन विहार काढला. बिर्लांच्या पैशातून काढला, पण नाव बहुजनांचे दिले.

शेवट तर विलक्षण आहे. जैनांनी ज्यांना धर्मनिंदक म्हटले, त्या कोसंबींना उतारवयात पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माची फार ओढ लागली. शरीर रोगांनी थकले, आता कोणावर भार होऊ नये, म्हणून अन्न सोडून देह ठेवायचा त्यांनी निश्चय केला. हा मार्ग जैन श्रमणांचा. १९४६ मध्ये गांधीजींच्या आग्रहाखातर उपोषण थांबवले, पण मन बदलले नाही. सेवाग्रामच्या आश्रमात येऊन पुन्हा अन्न सोडले आणि जून १९४७ च्या पहिल्या आठवड्यात शांतपणे प्राण सोडला. दिल्लीच्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांचे स्मरण केले. पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म हे त्यांचे पुस्तक दोन वर्षांनी, १९४९ साली, छापून बाहेर आले.