दिलेल्या शब्दाचा माणूस : फादर थॉमस स्टीफन्स

आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात ‘करार’ हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. शेत कसायला दिलं की करार, बाजारात गाळा भाड्याने घेतला की करार. मराठी बायबलचे दोन भाग आहेत, त्यांची नावंही ‘जुना करार’ आणि ‘नवा करार’. शेजारच्या तेलुगू ख्रिस्ती घरात हेच दोन भाग ‘पात निबंधन’ आणि ‘क्रोत्त निबंधन’ होतात, आणि मराठी कानाला ते आधी ‘निबंध’ वाटतात. नाव कोणतंही घ्या, प्रश्न एकच उरतो. नवा करार झाला म्हणजे जुना रद्द झाला का? गाळ्याचा करार नव्याने केला की जुना कागद रद्दीत जातो. देवाने दिलेल्या शब्दाचंही तसंच होतं का?

चारशे वर्षांपूर्वी या प्रश्नाला मराठीत उत्तर द्यायचा प्रयत्न एका इंग्रज माणसाने केला. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित असतात ते मराठी भाषेची स्तुती करणारे परदेशी कवी म्हणून. परीक्षेपुरतं तेवढं पुरतं. पण ते आयुष्यभर ज्या गोष्टीशी झगडले ती भाषेपेक्षा मोठी होती. ती होती दिलेल्या शब्दाची गोष्ट.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात बुशटन या गावी झाला. वडील व्यापारी होते. राणी एलिझाबेथच्या त्या काळात इंग्लंडमध्ये उघडपणे कॅथलिक असणं धोक्याचं होतं. तरुण स्टीफन्सचा एक जिवलग मित्र होता, थॉमस पाउंड. दोघांनी ठरवलं की रोमला जायचं आणि येशूसंघात प्रवेश घ्यायचा. निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला, आणि त्याची पुढची जवळजवळ तीस वर्षं या ना त्या तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोचले आणि १५७५मध्ये येशूसंघात दाखल झाले. मित्राला मात्र ते विसरले नाहीत. तुरुंगातल्या पाउंडलाही संघात घ्यावं म्हणून त्यांनी रोममध्ये वरिष्ठांकडे शब्द टाकला, आणि पाउंडला कोठडीत असतानाच प्रवेश मिळाला. आपण पुढे निघालो म्हणून मागे राहिलेल्याशी असलेलं नातं संपत नाही, हे स्टीफन्स यांनी विशीतच कृतीने दाखवलं होतं.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडलं आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले. साडेसहा महिन्यांच्या त्या समुद्रप्रवासाचं वर्णन त्यांनी वडिलांना पत्राने कळवलं. ते पत्र पुढे इंग्लंडमध्ये छापलं गेलं आणि बरंच वाचलं गेलं. स्टीफन्स स्वतः मात्र परत गेले नाहीत. पुढची चाळीस वर्षं, म्हणजे १६१९मध्ये मृत्यू येईपर्यंत, ते इथेच राहिले, आणि त्यातला बहुतेक काळ गोव्याच्या साष्टी भागात.

ही साष्टी त्या वेळी शांत नव्हती. १५६०पासून गोव्यात इन्क्विझिशन होतं. १५६७मध्ये रायतूरच्या पोर्तुगीज कप्तानाने साष्टीतली शेकडो देवळं पाडली, जाळली. जुन्या पोथ्यापुराणांवर बंदी आली. जुलै १५८३मध्ये कुंकळ्ळी गावात लोकांचा संताप उसळला आणि रुडॉल्फ आक्वाव्हिव्हा यांच्यासह येशूसंघाचे पाच जण मारले गेले. त्यांचे मृतदेह आणून त्यांना मूठमाती देण्याच्या कामात स्टीफन्स होते. त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आलं आणि पोर्तुगिजांनी तिथेच त्यांची कत्तल केली. एका बाजूने रक्त सांडलं, तर दुसऱ्या बाजूने रक्तही सांडलं आणि शब्दही मोडला. कॅथलिक म्हणून हा इतिहास वाचताना पहिली बाजू सांगून दुसरी गाळायची सोय आपल्याला नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी जॉन न्यूबेरी आणि राल्फ फिच हे इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून गोव्याच्या तुरुंगात पडले. त्यांना जामीन मिळावा म्हणून स्टीफन्स यांनी खटपट केली. ते सुटले, आणि पुढच्या वर्षी जामीन मोडून पळूनही गेले. माणसाचा शब्द किती टिकतो, हे एवढ्या थोड्या काळात इतक्या तऱ्हांनी फारच कमी जणांनी पाहिलं असेल.

आणि याच १५८३च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आपल्या भावाला पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, हे निरीक्षण त्या पत्रात आहे. विल्यम जोन्सने हाच मुद्दा जगापुढे मांडला, त्याच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. आजूबाजूला इतकं घडत असताना हा माणूस क्रियापदं आणि विभक्ती निरखत होता. जुन्या मराठीत ‘भाष’ म्हणजे बोली, आणि ‘भाष’ म्हणजे वचनसुद्धा. ‘भाक दिली’ हे तर अजूनही आपल्या कानावर येतं. स्टीफन्स यांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ वेगळे काढता येत नाहीत. ज्या लोकांत राहायचं त्यांची भाषा मुळापासून शिकणं, हेच त्यांचं त्या लोकांना दिलेलं वचन होतं.

‘ख्रिस्तपुराणा’चा जन्म कसा झाला, ते ग्रंथाच्या आरंभीच येतं. धर्मशिक्षणाला आलेला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला तुम्ही आम्हाला काय देता? प्रश्न साधा आहे, पण त्यात दुखणं आहे. प्रश्नोत्तरांचं पुस्तक पाठ करून माणसाची भूक भागत नाही. त्याला गोष्ट लागते. आपण कुणाचे आणि कुठून आलो, ते सांगणारी.

या प्रश्नाचं उत्तर म्हणून स्टीफन्स यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या. ओवी म्हणजे ज्ञानेश्वरांची आणि एकनाथांची. स्टीफन्स गोव्यात आले तेव्हा एकनाथ महाराज पैठणला हयात होते. भाषा मराठी, अधूनमधून साष्टीच्या कानाला ओळखीचे कोकणी शब्द. १६१६मध्ये रायतूरला ग्रंथ छापला गेला, तोही रोमन लिपीत, कारण मराठी अक्षरांचे खिळे तिथे नव्हते. ते मिळावेत म्हणून त्यांनी १६०८मध्ये रोमला पत्र लिहिलं होतं. त्यांच्या हयातीत तरी ते खिळे आले नाहीत.

आता या ग्रंथाची रचना पाहा. त्याचे दोन भाग आहेत, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण. दुसऱ्यात येशूचा जन्म, शिकवण, दुःखसहन आणि पुनरुत्थान येतं. पण पहिलं पुराणही काही लहान नाही. त्याचे छत्तीस अवस्वर आहेत. सृष्टीची उत्पत्ती, आदाम आणि एवा, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, राजे, संदेष्टे असं सगळं त्यात आहे. घाई असलेल्या मिशनरीने थेट येशूपासून सुरुवात केली असती. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने तर जुना करार फेकूनच द्या असं शिकवलं होतं, आणि ख्रिस्तसभेने त्याला ठाम नकार दिला होता. स्टीफन्स त्या नकाराच्या बाजूचे. पहिलं ऐकल्याशिवाय दुसरं कळत नाही, हे त्यांनी एकही तात्त्विक व्याख्या न देता नुसत्या मांडणीतून सांगितलं.

कारण बायबलमधला करार हा गाळ्याचा करार नव्हे. हिब्रू शब्द आहे ‘बरीथ’, आणि हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहाम जनावरं कापून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. रीत अशी होती की दोन्ही पक्षांनी त्या मधून चालत जायचं, म्हणजे शब्द मोडला तर माझीही अशीच गत होवो. पण तिथे अब्राहाम चालतच नाही. अंधार पडल्यावर धुमसणारी शेगडी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. म्हणजे जबाबदारी देव एकटाच अंगावर घेतो. व्यवहाराच्या करारात एकाने मोडलं की दुसरा मोकळा होतो. इथे माणूस वारंवार मोडतो आणि देव मोकळा व्हायला तयार नाही.

पुढे सिनाई पर्वताशी मोशे रक्ताचा अर्धा भाग वेदीवर टाकतो आणि अर्धा लोकांवर शिंपडतो. दोन्हीकडे एकच रक्त, म्हणजे आता हे एका कुटुंबातले झाले. आपल्याकडे केसलापूरच्या नागोबासाठी मेस्राम कुळातली माणसं दर वर्षी पायी जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. ते काम कुठल्या कागदावरच्या सहीमुळे होत नाही. आपण कुळातले आहोत म्हणून ते होतं. करार हा शब्द बायबलमध्ये या जातीचा आहे. पुढे दाविदाला घराण्याचं वचन मिळतं. यिर्मया संदेष्टा अशा नव्या कराराची आशा देतो जो दगडी पाट्यांवर नाही, तर काळजावर लिहिलेला असेल. आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू प्याला हातात घेऊन तो नवा करार आपल्या रक्ताशी जोडतो. म्हणजे अब्राहामाच्या रात्री जी जबाबदारी देवाने घेतली होती, ती क्रूसावर पुरी झाली. नवा करार जुन्याला रद्द करत नाही, जुन्यातला शब्द पाळतो. स्टीफन्स यांचं दुसरं पुराण पहिल्याला पुढे नेतं ते असं.

पण इथे एक प्रश्न मला स्टीफन्स यांनाच विचारावासा वाटतो. पहिल्या पुराणात नोहा आहे. जलप्रलयानंतरचा करार बायबलमध्ये एकट्या इस्राएलशी नाही, तर पृथ्वीवरच्या प्रत्येक सजीवाशी आहे, आणि त्याची खूण इंद्रधनुष्य आहे. मग साष्टीतले ज्यांची देवळं जळाली, ज्यांच्या पोथ्या गेल्या, ते लोकही त्या धनुष्याखाली नव्हते का? यहुद्यांचं जुनं जपायचं आणि साष्टीकरांचं जुनं पुसायचं, हे एकाच हातून कसं झालं? देवळं स्टीफन्स यांनी जाळली नव्हती, पण ज्यांनी जाळली त्यांच्याच राज्यात आणि आश्रयाने ते काम करत होते. आपल्या काळाच्या कुंपणापलीकडे त्यांना पूर्ण पाहता आलं नाही. ख्रिस्तसभेलाही इथे यायला वेळ लागला. १९६५मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदी लोकांना देवाने दिलेली देणगी मागे घेतलेली नाही असं मांडलं, आणि त्याच दस्तऐवजात हिंदू धर्माबद्दलही आदराने लिहिलं.

तरीही मला वाटतं, स्टीफन्स यांच्या हाताला त्यांच्या डोक्यापेक्षा जास्त कळत होतं. पुराणं बंद करणाऱ्या व्यवस्थेतल्या माणसाने आपल्या ग्रंथाच्या भागांना म्हटलं ‘पुराण’. छंद घेतला ओवीचा. पोर्तुगीज सोडून लोकांची भाषा घेतली. जुन्याशिवाय नवं उभं राहत नाही, ही गोष्ट त्यांच्या धर्मशास्त्रात जितकी आहे, तितकीच त्यांच्या प्रत्येक ओवीत आहे.

१६१९मध्ये ते वारले. त्यांचा कोकणीतला धर्मशिक्षणाचा ग्रंथ १६२२मध्ये आणि कोकणीचं छापील पहिलं व्याकरण १६४०मध्ये बाहेर आलं. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या, १६४९ आणि १६५४मध्ये. मग १६८४मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ज्या भाषेत शब्द दिला होता तीच भाषा बंद करायचा हा प्रयत्न. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही.

ग्रंथ मात्र मेला नाही. ख्रिस्ती घरांत लोकांनी तो हाताने उतरवून घेतला, वाचला, पुढच्या पिढीकडे दिला. अशाच हस्तलिखितांवरून १९०७मध्ये मंगळूरला जोसेफ साल्डान्हा यांनी तो पुन्हा छापला, तेव्हाही रोमन लिपीतच. देवनागरीत तो छापून आला १९५६मध्ये, पुण्यात, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली. रोमकडे मागितलेले ते खिळे अखेर मिळाले, मागणाऱ्याच्या मृत्यूनंतर ३३७ वर्षांनी. मधल्या काळात तो शब्द ज्यांनी पाळला त्यांची नावं कुठेही लिहिलेली नाहीत. दिव्याच्या उजेडात ओव्या उतरवणारी ती साधी माणसं होती, आणि करार टिकतो तो त्यांच्यासारख्यांमुळे.