टाकळीच्या संगमावरचा मनोवैद्य

नाशिकजवळच्या टाकळीला, गोदावरी-नंदिनीच्या संगमावर, १६२० च्या सुमारास बारा वर्षांचा एक मुलगा येऊन राहिला. जांब गावच्या सूर्याजीपंत ठोसरांचा हा धाकटा नारायण. पितृछत्र लवकर हरपलेले. आई राणूबाईंनी विवाह ठरविला, तर मंगलाष्टकांतील सावधतेचा इशारा ऐकून तो बोहल्यावरून निघून गेला, अशी कथा आहे. पुढे चोवीस वर्षे माऊलीला पुत्राचे दर्शन नव्हते. या वैराग्याची किंमत घराने मोजली, हे समर्थ रामदासांच्या चरित्रांत ओझरतेच येते.

सकाळी कमरेइतक्या पाण्यात जप, मध्यान्ही पंचवटीत माधुकरी, नंतर ग्रंथांचे वाचन व श्रवण, असा क्रम बारा वर्षे चालला. पण ही शांती आयती नव्हती. करुणाष्टकांत पश्चात्तापाने पोळलेले, भरकटणारे मन उघडे पडते. वैद्य स्वतः हा रोग भोगून उठला होता.

१६३२ मध्ये उद्धवस्वामींना टाकळीत ठेवून ते भारतभ्रमणास निघाले, तेव्हा दख्खन भीषण दुष्काळाने होरपळली होती. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात जन्म, संसार, दारिद्र्य, वार्धक्य यांत पिचलेल्या माणसाची कहाणी येते. आजच्या मानसोपचारतज्ज्ञाने नोंदवावी तसा तो रुग्णवृत्तांतच आहे. त्यापुढे त्रिविध तापांचे विवेचन येते.

उपचार मात्र २०५ मनाच्या श्लोकांत सापडतो. येथे मनाला दटावणी कमी, आर्जव अधिक. सर्वार्थाने सुखी असा कोणी आहे का, हे मनानेच शोधून पाहावे, असे समर्थ सुचवितात. दुःखाचे मूळ प्रसंगापेक्षा त्याविषयीच्या आपल्या समजुतीत असते, हा विचार अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मानसोपचारात रुजविला. महाराष्ट्रातील काही मनोविकारतज्ज्ञांनी त्याची संतविचारांशी सांगड घातली आहे. साम्य लक्षणीय आहे, पण ताणू नये. एलिस निरीश्वरवादी होते. समर्थांच्या औषधातून राम वगळला, तर उरते ते केवळ अनुपान. आणि नामाच्या जोडीला त्यांनी अखंड यत्न व मारुतीची बलोपासनाही सांगितली.

१६४४ मध्ये ते कृष्णाकाठी आले. त्याआधी जांबला मातेची भेट झाली. पुत्राची वाट पाहता पाहता तिची दृष्टी गेली होती, असे परंपरा सांगते. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, म्हणजे १६८२ मध्ये, सज्जनगडावर त्यांनी देह ठेवला. टाकळीच्या मठात त्यांनी स्थापिलेला गोमय मारुती आजही आहे.